वार्धक्याची बेगमी कोणी करावयाची?

सदाशिव पेठेत भिकारदास मारुतीपासून खुन्या मुरलीधरापर्यंत कोणत्याही बोळाने चालत जावे आणि दुतर्फा उभ्या असलेल्या तीन-चार मजली इमारतींच्या जिन्यांकडे थोडे निरखून पाहावे. या पेठेच्या वार्धक्याची हकीकत त्या जिन्यांनी जितकी स्पष्ट सांगितली आहे तितकी कोणत्याही शिरगणतीच्या अहवालाने सांगितलेली नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांची वाताहत झाली, १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला, आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने ज्यांचे भाडे १९४० सालच्या दराशी जखडून ठेवले होते ते वाडे मालकांना ओझे होऊन बसले, तेव्हा पुढल्या दोन-तीन दशकांत वाड्यांच्या जागी ‘ब्लॉक’ उभे राहिले. लिफ्ट ही त्या काळी चैन समजली जाई. पस्तिशीतला शिक्षक, पोस्टातला कारकून, बँकेतला रोखपाल यांनी कचेरीचे कर्ज काढून तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड मालकीचे केले. आज ऐंशी उलटलेला तोच गृहस्थ वर्षानुवर्षे तो जिना उतरलेला नसतो, आणि उतरतो तेव्हा खुर्चीत बसवून दोघांनी उचलून त्याला रुग्णवाहिकेपर्यंत आणलेले असते. त्या दोन खोल्यांची किंमत मात्र या अवधीत अशी वाढली आहे, की मालकाला स्वतःलाच तो आकडा उच्चारताना संकोच वाटावा.

पुण्याला पेन्शनरांचे गाव म्हणण्याची चाल जुनी आहे आणि तिच्यात थट्टेइतकाच हेवाही असे. सकाळी पर्वती चढून येणारा, दुपारी वर्तमानपत्रांना पत्रे लिहिणारा आणि संध्याकाळी टिळक स्मारक मंदिरात व्याख्यानाला पुढच्या रांगेत बसणारा जो पेन्शनर आपल्या डोळ्यांपुढे येतो, तो साठीतला होय. साठी आणि पंच्याऐंशी यांच्यामध्ये आता एक सबंध पिढी मावते, आणि पंच्याऐंशीच्या माणसाच्या गरजा साठीच्या माणसाहून अगदी निराळ्या असतात. त्याला औषधापेक्षा हात हवा असतो: उठवून बसविणारा, अंघोळ घालणारा, घास भरविणारा, रात्री दोनदा कूस बदलून देणारा. मुंबईत देवनार येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली देशभरच्या बहात्तर हजारांवर प्रौढांची जी पाहणी केली, तिच्या आधारे साठीवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असे अनुमान निघाले. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला रुग्णालयात दाखल करून बरा करून आणता येत नाही. त्याच्याजवळ बसावे लागते, आणि कित्येक वर्षे बसावे लागते.

हे बसणे आजवर कोणी केले, याचा जमाखर्च कोठेही मांडलेला नाही, कारण ते करणारी बहुधा घरची बाई होती. सासऱ्याचे करून झाल्यावर सासूचे, आणि मग नवऱ्याचे, असे करता करता जिचे स्वतःचे गुडघे गेले, तिच्या नावावर या कामाबद्दल भविष्यनिर्वाह निधी साठला नाही की निवृत्तिवेतनाचा एक दिवस जमा झाला नाही. आता तिची सून नोकरीला जाते, किंवा मुलगा-सून दोघेही परदेशी आहेत. तेव्हा ‘बाई मिळेल का?’ म्हणून ब्युरोला फोन जातो. ब्युरो बारा तासांची किंवा चोवीस तासांची मावशी पाठवतो, पुरुष रुग्णासाठी ‘मामा’ पाठवतो, आपले कमिशन कापून घेतो, आणि मावशी गणपतीला गावी गेली म्हणजे बदली देताना दमवितो.

या मावशीचा पगार हिशेबापुरता महिना वीस हजार रुपये धरून चालू. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आज जास्तीत जास्त ३० लाख रुपये ठेवता येतात, ८.२ टक्के व्याजाने त्यांचे महिन्याचे साडेवीस हजार होतात. म्हणजे ज्याने आयुष्यभर काटकसर करून ती मर्यादा पुरती गाठली, त्याचे सगळे व्याज एका मावशीच्या एका पाळीत संपते. डायपर, एअर बेड, औषधे आणि त्याचे स्वतःचे जेवण पुढेच राहते. ज्याच्यापाशी ३० लाख नाहीत त्याचा हिशेब मांडण्याचे कारणच उरत नाही. संजय गांधी निराधार अनुदान आणि श्रावणबाळ योजना यांतून महाराष्ट्र सरकार दरमहा १,५०० रुपये देते. केंद्राचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन साठीपासून ऐंशीपर्यंत २०० रुपये आणि पुढे ५०० रुपये आहे. मुलाने सांभाळ करावा म्हणून २००७ चा कायदा आहे, आणि त्याखालील न्यायाधिकरण महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च ठरवून देऊ शकते. परंतु ज्या बापाला मुलावर फिर्याद करावी लागते त्याचा प्रश्न दहा हजारांनी सुटत नाही, आणि ज्याचा मुलगा चांगला आहे पण स्वतःच कंत्राटी नोकरीत आहे त्याला त्या कायद्याचा उपयोग नाही.

विम्याबद्दल या पेठेत पराकाष्ठेची आस्था आहे. मेडिक्लेमच्या नूतनीकरणाची तारीख येथे सणाइतकी लक्षात ठेवली जाते. पण आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयाचा दरवाजा ओळखतो. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारने सत्तर वर्षांवरील सर्वांना, त्यांचे उत्पन्न न पाहता, कुटुंबास वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत दिले, ही गोष्ट लहान नव्हे. तरीही मोडलेले खुब्याचे हाड बसवून घेऊन तोच माणूस घरी आला, की पुढली चार वर्षे त्याला उचलण्या-बसविण्याचा खर्च त्या पाच लाखांतला एक रुपयाही उचलत नाही. शस्त्रक्रियेचा खर्च एकदा होतो. शुश्रूषेचा खर्च मरेपर्यंत होत राहतो, आणि त्याचीच तरतूद आपल्या कायद्यांत नाही.

खाजगी विमा कंपन्यांनी शुश्रूषेची पॉलिसी काढावी, अशी सूचना पुष्कळदा होते. अमेरिकेने तो प्रयोग करून पाहिला आहे. चाळिशीत घेतलेल्या पॉलिसीचा दावा पंच्याऐंशीव्या वर्षी येणार. मधल्या पंचेचाळीस वर्षांत माणसे किती जगतील, व्याजाचे दर काय राहतील, मावशीचा पगार कोठे जाईल, याचा अंदाज कंपन्यांना करता आला नाही. पुष्कळांनी हप्ते कमी ठेवले, मग अकस्मात वाढविले, आणि कित्येक कंपन्या धंद्यातून बाहेर पडल्या. शिवाय असा विमा घेण्याची बुद्धी ज्याला गरज पडणार त्यालाच आधी होते. सर्वांनी सक्तीने भरल्याखेरीज हा विमा उभा राहत नाही, हा अनुभव जर्मनी, जपान, कोरिया या तिन्ही देशांनी मान्य केला आहे. मग प्रश्न एकच उरतो, आणि तो सगळ्यांत कठीण आहे: सर्वांनी म्हणजे कोणी, किती आणि कोणत्या वयापासून?

आपल्याकडे असे प्रश्न पूर्वी कृपेने सुटत. ज्यांच्या नावाने ही पेठ वसली ते सदाशिवराव भाऊ १७६१ साली पानिपतावर पडले; रणात पडलेल्यांच्या कुटुंबांस पेशवाईत ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक करून देत, आणि ती धन्याच्या मर्जीवर असे. शेजारच्या नव्या पेठेत १८६३ साली स्थापन झालेले ‘डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह’ आज ‘निवारा’ या नावाने चालते. ते एका धनिकाच्या दातृत्वाचे स्मारक आहे. माणसाने स्वतः भरलेल्या हप्त्यावर त्याचा हक्क सांगता यावा, ही कल्पना आपल्या सरकारदरबारी पुष्कळ उशिरा आली, आणि तिचा मसुदा प्रा. बी. पी. आडारकर या मराठी अर्थशास्त्रज्ञाने १९४४ साली सादर केला, याचे स्मरण आज कोणाला नाही. औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्यावरील त्यांच्या अहवालातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा निघाला. आज त्या योजनेत कामगार वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालक ३.२५ टक्के भरतो. सक्तीचा सामाजिक विमा भारतात चालणार नाही असे जे म्हणतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे, की तो १९५२ पासून चालू आहे. फक्त त्याच्या दाराशी पगाराची मर्यादा उभी आहे.

जर्मनीने शुश्रूषा-विमा १ जानेवारी १९९५ पासून सुरू केला. वेतनाच्या एका टक्क्याने प्रारंभ झाला आणि निम्मा भार मालकांवर पडला. मालकांची तक्रार मिटविण्यासाठी एक धार्मिक सुटी सॅक्सनी सोडून सर्व प्रांतांत रद्द करण्यात आली. (आपल्याकडे सरकारी कारकुनापाशी सुटीची गोष्ट काढण्याचे धाडस कोणता मंत्री करील, हे मला ठाऊक नाही.) आज हा दर ३.६ टक्के आहे. परंतु त्या देशातील विशेष गोष्ट दराची नसून त्यामागील न्यायविचाराची आहे. ३ एप्रिल २००१ रोजी तेथील घटना-न्यायालयाने असा निर्णय दिला, की ज्यांनी मुले वाढविली त्यांनी पैशाच्या हप्त्याबरोबर उद्याचे हप्ते भरणारी माणसेही या व्यवस्थेला दिली आहेत. म्हणून त्यांच्याकडून आणि अपत्यहीनांकडून सारखाच हप्ता घेणे हा अन्याय होय. त्यानुसार २००५ पासून अपत्यहीनांवर जादा आकार बसला, २०२२ च्या आणखी एका निर्णयानंतर मुलांच्या संख्येप्रमाणे दर उतरते झाले, आणि आता अपत्यहीन माणूस ४.२ टक्के भरतो. २००४ पासून निवृत्त माणूसही आपल्या निवृत्तिवेतनातून पूर्ण हप्ता भरतो. २०१५ पासून हप्त्यातील ०.१ टक्क्याइतकी रक्कम निराळी काढून मध्यवर्ती बँकेत राखून ठेवली जाते आणि २०३५ पर्यंत तिला हात लावावयाचा नाही असा दंडक आहे, कारण युद्धोत्तर काळातील भरघोस संख्येची पिढी त्या सुमारास परावलंबी होऊ लागेल. घरच्या माणसाने शुश्रूषा केली तर त्याच्या निवृत्तिवेतनाचा हप्ता हा विमा भरतो. आमच्या पेठेतील सुनांनी ही एक तरतूद वाचली, तर उरलेला कायदा वाचण्याची त्यांना गरज वाटणार नाही.

जपानने १ एप्रिल २००० पासून निराळी रचना केली. निम्मा खर्च करांतून आणि निम्मा हप्त्यांतून; हप्ता चाळिसाव्या वर्षापासून, कारण माणूस चाळिशीला आला की त्याच्या आईवडिलांचा प्रश्न त्याच्या दाराशी उभा राहतो; आणि पासष्टीनंतरही हप्ता चालूच. कारभार नगरपालिकांकडे. रोख रक्कम मुळीच द्यावयाची नाही, सेवाच द्यावयाची, असा आग्रह तेथील स्त्रियांनी धरला, कारण रोख दिली तर ती कुटुंबाच्या खिशात जाईल आणि काम सुनेच्याच गळ्यात राहील अशी त्यांना खात्री होती. तरीही किंमत चुकत नाही: पासष्टीवरील माणसाचा सरासरी मासिक हप्ता प्रारंभी २,९११ येन होता, तो २०२४ पासूनच्या त्रैवार्षिक मुदतीत ६,२२५ येन झाला आहे. हा वाढता भार केवळ तरुणांवर न टाकता म्हाताऱ्यांनीही वाटून घेतला, हे त्या व्यवस्थेचे बलस्थान मानावे लागेल.

जर्मन न्यायालयाचा सिद्धांत सदाशिव पेठेत आणून पाहिला, तर एक विलक्षण पेच उभा राहतो. येथील आईबापांनी मुले वाढविली, ज्ञानप्रबोधिनीत आणि सर परशुरामभाऊ महाविद्यालयात शिकविली, आणि ती मुले न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झाली. तेथे त्यांच्या पगारातून सामाजिक सुरक्षेसाठी ६.२ टक्के कापले जातात, तितकेच मालक भरतो, आणि त्या पैशातून अमेरिकेतील वृद्धांना निवृत्तिवेतन मिळते. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे. अमेरिकेशी तसा करार अद्याप झालेला नाही, त्यामुळे दहा वर्षांची पात्रता पुरी होण्याआधी जो परत येतो त्याला भरलेल्या रकमेतून निवृत्तिवेतन मिळत नाही. म्हणजे हप्ते भरणारी माणसे तयार करण्याचा खर्च पुण्यातील एका पिढीने केला आणि त्या माणसांचे हप्ते ओहायोतील आजीच्या उपयोगी पडले. मुलगा दरमहा पैसे पाठवतो, ही त्याची सद्भावना. ज्याचा मुलगा पाठवत नाही, त्याचा बाप मात्र कोणत्याच हिशेबात बसत नाही.

आता पिढ्यांच्या न्यायाकडे वळू. ज्या विम्यात यंदा जमलेले हप्ते यंदाच वाटले जातात, त्याची चाल पुष्कळशी आपल्या भिशीसारखी असते: पहिली उचल ज्याला लागते तो सुखी, आणि शेवटच्या क्रमांकाच्या माणसाचे सारे दैव पुढे सभासद मिळत राहतील की नाही यावर अवलंबून. शुश्रूषा-विमा उद्या सुरू झाला, तर आज ऐंशीत असलेल्या पिढीला एकही हप्ता न भरता पहिली उचल मिळेल; आणि आज पंचवीस वर्षांची असलेली मुलगी चाळीस-पन्नास वर्षे भरून आपली पाळी येईल तेव्हा भरणारे हात निम्मे झालेले पाहील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीप्रमाणे महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले जन्मतात. लोकसंख्या आहे तितकी टिकण्यास २.१ लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात साठीवरील लोकांचे प्रमाण २०५० साली २०.८ टक्के होईल, आणि त्याच्या थोडे आधी, २०४६ च्या सुमारास, देशातील वृद्ध मुलांहून संख्येने अधिक असतील. गोखले संस्थेतील कुमुदिनी दांडेकर यांनी भारतातील वृद्धांवर ग्रंथ लिहिला तो १९९६ साली. सरकारला तेव्हा पाळण्यांची चिंता होती आणि काठ्यांचा विचार करणे अकाली वाटत होते.

एक हिशेब मांडतो. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. शंभर प्रौढांत पंधरा वृद्ध आहेत आणि त्यांतले तीन परावलंबी आहेत असे धरा, आणि प्रत्येकाच्या शुश्रूषेसाठी महिना दहा हजार द्यावयाचे आहेत. तीस हजारांचा हा खर्च केवळ पंच्याऐंशी कमावत्या माणसांवर टाकला तर प्रत्येकाला ३५३ रुपये येतात. शंभरांनीही भरला तर ३००. आता तीस वर्षांनी वृद्ध तीस आणि परावलंबी सहा झाले असे धरा. साठ हजारांचा भार केवळ सत्तर कमावत्यांवर टाकला तर दर डोई ८५७ रुपये होतात, म्हणजे पहिल्याच्या जवळजवळ अडीचपट. सर्वांनी वाटून घेतला तर ६०० होतात. आणि यांतले वीस हजार जर आधीपासून राखलेल्या गंगाजळीतून किंवा वृद्धांच्याच मिळकतीतून निघाले, तर वाट्याला ४०० येतात. सगळा वाद या ८५७ आणि ४०० यांच्यामधल्या अंतराचा आहे.

तरुणांची बाजू महाराष्ट्रात ज्याने ऐकावयाची त्याने १ नोव्हेंबर २००५ ही तारीख लक्षात ठेवावी. त्या दिवसापूर्वी सरकारी नोकरीस लागलेल्या शिक्षकाला अखेरच्या पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन महागाईभत्त्यासह मिळते. नंतर लागलेल्या शिक्षकाच्या पगारातून दरमहा रक्कम कापली जाते आणि म्हातारपणी त्याला काय मिळेल हे २०२४ पर्यंत बाजारच ठरवीत असे. एकाच शाळेत, एकाच फळ्यासमोर शिकविणाऱ्या दोघांत ही भिंत उभी राहिली. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर जो संप झाला, त्याच्या मागणीशी मी सहमत नाही, पण त्यातील क्षोभ मला खोटा वाटला नाही. केंद्र सरकारच्या पेन्शनरास ऐंशी पुरी होताच निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरीला शंभर टक्के. वय वाढते तशी शुश्रूषेची गरज वाढते हे तत्त्व सरकारने मान्य केलेले आहे, परंतु ज्यांच्यापाशी आधीच काही आहे त्यांच्यापुरतेच. खाजगी कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाचे किमान निवृत्तिवेतन २०१४ च्या सप्टेंबरपासून एक हजार रुपये आहे, आणि त्याला ऐंशीव्या वर्षी वाढ नाही.

म्हणून माझे मत असे, की शुश्रूषा-विमा सक्तीचा असावा, तो चाळिशीपासून सुरू व्हावा, आणि त्याचा हप्ता निवृत्तीबरोबर थांबू नये. ज्याच्या नावावर शहरातली मिळकत आहे त्याने तो मिळकतीच्या मानाने भरावा, आणि हयातीत भरणे जड जात असेल तर तो त्याच्या मागे मिळकतीतून वळता करून घ्यावा. आमच्या पिढीजवळ रोकड थोडी आहे आणि घर मोठ्या किमतीचे आहे. ही किंमत आमच्या कर्तृत्वाने वाढलेली नाही. शहर वाढले, रस्ते झाले, मेट्रो आली, म्हणून वाढली. घर गहाण ठेवून दरमहा पैसे देणारी उलट गहाणाची योजना २००७ पासून आहे, पण तिच्या वाटेला फारसे कोणी गेले नाही, कारण एकट्याने आपले घर बँकेच्या हवाली करणे मनाला मानवत नाही. सर्वांसाठी एकच नियम असला तर ती लाज उरत नाही.

यावर वारसांचा संताप होईल हे मी जाणतो. इंग्लंडात २०१७ च्या निवडणुकीत तेथील पंतप्रधान थेरेसा मे यांनी घरच्या शुश्रूषेचा खर्च घराच्या किमतीतून मरणोत्तर वसूल करण्याचे वचन दिले. विरोधकांनी त्याला ‘स्मृतिभ्रंश कर’ असे नाव ठेवले आणि चार-पाच दिवसांत माघार घ्यावी लागली. तेथील चूक अशी होती, की ज्याला स्मृतिभ्रंश झाला त्याच्याच घरावर भार पडणार होता. ज्याला झाला नाही आणि जो झोपेत सुखाने गेला, त्याच्या वारसांना संपूर्ण घर मिळाले असते. विम्याचे तत्त्व याच्या उलट आहे: ज्याच्यावर आपत्ती आली नाही त्यानेही थोडे द्यावयाचे.

मिळकतीतून मरणोत्तर वसुली आणि सार्वजनिक विमा, ही दोन्ही साधने आपल्याकडे पूर्वीच आली होती, आणि दोन्ही एका मराठी अर्थमंत्र्याच्या हातून घडली होती. कालिदासाचे मेघदूत मराठीत आणणाऱ्या चिंतामणराव देशमुखांच्या कारकीर्दीत १९५३ साली मृताच्या मिळकतीवरील कर, म्हणजे इस्टेट ड्यूटी, लागू झाली. त्यांनीच १९ जानेवारी १९५६ रोजी आकाशवाणीवरून विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, आणि २४५ कंपन्या व संस्था मिळून त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ झाले. तोवर मुंबईच्या प्रश्नावर देशमुख राजीनामा देऊन बाहेर पडले होते. इस्टेट ड्यूटी १९८५ साली रद्दबातल झाली, कारण उत्पन्न अल्प आणि वसुलीची कटकट मोठी. तो कर सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जाई, आणि त्यातून देणाऱ्याच्या पिढीचे काय झाले हे कोणाला दिसत नसे. हप्ता म्हणून घेतलेली आणि वृद्धांवरच खर्च केलेली रक्कम निराळी वाटेल, असा माझा तर्क आहे.

तर्काला महाराष्ट्रातील एक दाखलाही आहे. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेसाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. सदाशिव पेठेतील पगारदाराच्या खिशातून बीडच्या आणि सोलापूरच्या दुष्काळी शिवारातली मजुरी निघाली, सरकारने तितकीच भर घातली, आणि या पेठेने कुरकुर केली तरी बंड केले नाही. त्या कराची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये आहे आणि ती १९८८ च्या घटनादुरुस्तीने ठरलेली आहे. त्यानंतर पगार कितीपट झाले हे सांगावयास नको. एका ठरावीक कामासाठी घेतलेला कर लोक देतात, हे आपण करून दाखविलेले आहे.

या हिशेबात एका व्यक्तीचे नाव अजून आलेले नाही: मावशीचे. ती जनता वसाहतीतून किंवा मराठवाड्यातल्या गावाहून येते. वयाने पन्नाशीची, विधवा किंवा टाकलेली. जिच्या हातावर आमचे म्हातारपण पार पडते, तिच्या म्हातारपणाची जबाबदारी ब्युरो घेत नाही आणि घरमालकही घेत नाही. १९८० साली याच शहरात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हावयास मात्र २००८ साल उजाडले. पिढ्यांमधल्या न्यायाची चर्चा करताना एकाच खोलीतल्या दोन बायकांमधला अन्याय दृष्टिआड होतो: एक तिसऱ्या मजल्यावर पलंगावर आहे आणि दुसरी तिच्या उशाशी स्टुलावर बसलेली आहे, आणि दुसरीला पलंग मिळण्याची कोणतीच तजवीज नाही. विमा झाला तर मावशीचा हप्ता तिला कामावर ठेवणाऱ्याने भरावा, आणि तिच्या ऐंशीव्या वर्षी तिला तेच मिळावे जे आम्हांला मिळेल.

दिवाळी अंक वाचणारे बहुसंख्य लोक आता साठीच्या पुढचे आहेत, म्हणून शेवटचे बोलणे त्यांच्याशीच. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांची निवेदने मी वाचीत आलो आहे. २०२० च्या मार्चमध्ये बंद झालेली रेल्वेची सवलत परत द्या, निवृत्तिवेतन वाढवा, व्याजाचा दर कमी करू नका, या मागण्या अयोग्य आहेत असे मी म्हणत नाही, पंचाहत्तरीनंतर एस.टी.चा प्रवास मोफत झाला तो अशा मागण्यांनीच. परंतु पुढील निवेदनात एक कलम घाला: राज्याने शुश्रूषा-विमा सुरू करावा, आणि त्याचा पहिल्या वर्षाचा हप्ता आम्ही, म्हणजे ज्यांच्या नावावर पुण्यात घर आहे ते, भरू. असे कलम घातलेले निवेदन मंत्रालयात आजवर गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही.